‘द लास्ट जेडाय’ आला तेव्हा ‘स्टार वॉर्स’चे चाहते एवढे का दुखावले? त्यांच्या रागात तथ्य होते का?

आपण लिहिले आहे की आपण अलीकडेच ‘स्टार वॉर्स’चे नऊही मुख्य भाग ओटीटीवर ओळीने पाहिले, त्यांतला आठवा भाग, म्हणजे २०१७ सालचा ‘द लास्ट जेडाय’, आपल्याला सर्वांत जास्त भावला, आणि नंतर त्याच्याविषयी चाहत्यांनी तेव्हा व्यक्त केलेला संताप वाचून आपण बुचकळ्यात पडलात. मलाही हा चित्रपट फार आवडतो. तरीही त्या रागाचा एक मोठा भाग मला खरा आणि समजून घेण्याजोगा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण हे चित्रपट ज्या पद्धतीने पाहिलेत, त्यातच अर्धे उत्तर आहे. सहाव्या भागाच्या शेवटी मूळ त्रयीचा नायक ल्यूक स्कायवॉकर आपल्या वडिलांना, म्हणजे डार्थ व्हेडरला, अंधाऱ्या वाटेवरून परत आणतो. आठव्या भागात तोच ल्यूक एका दूरच्या बेटावर जगाकडे पाठ फिरवून बसलेला दिसतो. या दोन दृश्यांच्या मध्ये आपला फार तर आठवडा गेला असेल. जुन्या चाहत्यांची मात्र ३४ वर्षे गेली होती. मे १९८३ मध्ये सहावा भाग पाहणारी दहा वर्षांची मुले २०१७ साली स्वतःच्या मुलांना घेऊन चित्रपटगृहात आली होती, आणि या मधल्या काळात त्यांच्या मनातला ल्यूक जागच्या जागी थांबून राहिलेला नव्हता.

१९९१ साली टिमोथी झान यांची कादंबरी आली आणि तिच्या यशानंतर ही मालिका बनवणाऱ्या लुकासफिल्म कंपनीच्या परवानगीने शेकडो कादंबऱ्या, कॉमिक्स आणि व्हिडिओ गेम यांतून पुढची कथा सांगितली जात राहिली. त्या कथांमध्ये ल्यूकने जेडाय ही योद्धे-साधकांची परंपरा नव्याने उभी केली, विद्यार्थी घडवले, मारा जेड या एकेकाळच्या शत्रूशी लग्न केले आणि त्याला बेन नावाचा मुलगा झाला. तो चुकत होता, हरतही होता, पण पुन्हा उभा राहत होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नेने ४०५ कोटी डॉलरना लुकासफिल्म विकत घेण्याचा करार जाहीर केला आणि एप्रिल २०१४ मध्ये हे सगळे साहित्य यापुढे अधिकृत कथेचा भाग मानले जाणार नाही, ते ‘लेजंड्स’ या शिक्क्याखाली छापले जाईल, अशी घोषणा झाली. नव्या पटकथाकारांना इतक्या पुस्तकांनी बांधून ठेवणे शक्य नव्हते हे मला मान्य आहे. पण ज्या वाचकाने तेवीस वर्षे एका माणसाचे आयुष्य पुस्तकामागून पुस्तक वाचत सोबत काढले, त्याला एका सकाळी सांगण्यात आले की ते आयुष्य घडलेच नाही. हा घाव ‘द लास्ट जेडाय’च्या साडेतीन वर्षे आधीचा आहे, आणि पुढच्या संतापाची चर्चा करताना तो बहुतेक वेळा विसरला जातो.

डिसेंबर २०१५ मध्ये जे. जे. एब्रम्स यांनी दिग्दर्शित केलेला सातवा भाग आला. त्यात ल्यूक अगदी शेवटच्या दृश्यात दिसतो, एक शब्दही बोलत नाही, आणि नव्या त्रयीची नायिका रे त्याच्यापुढे त्याचे जुने लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, धरून उभी राहते. तिथे चित्रपट संपला आणि पुढची दोन वर्षे चाहत्यांनी त्या एका क्षणावर घर बांधले. रेचे आईवडील कोण, सर्वोच्च नेता स्नोक कुठून आला, ल्यूक का निघून गेला, या प्रश्नांवर लोकांनी तासन्‌तासांचे व्हिडिओ केले, जुन्या भागांतल्या चौकटी थांबवून थांबवून तपासल्या, वंशावळी मांडल्या. १५ डिसेंबर २०१७ रोजी रायन जॉन्सन यांच्या चित्रपटात ल्यूकने ते लाइटसेबर हातात घेतले आणि खांद्यावरून मागे भिरकावून दिले. स्नोक चित्रपट संपायच्या बराच आधी मारला गेला आणि त्याचा भूतकाळ कोणी सांगितलाच नाही. रेचे आईवडील कोणीच नव्हते, दारूच्या पैशांसाठी मुलीला विकून टाकणारे भंगारवाले होते. तिन्ही उत्तरे मला कथेच्या दृष्टीने उत्तम वाटतात, कारण ज्या मुलीला आपले स्थान वंशातून मिळेल अशी आशा आहे तिला ते वंशातून मिळत नाही, याहून कठीण परीक्षा तिच्यापुढे ठेवता आली नसती. परंतु दोन वर्षे प्रेमाने केलेल्या कष्टांना असे उत्तर मिळाले की आपली थट्टा झाली असे वाटणे स्वाभाविक आहे. जॉन्सन यांचा हेतू थट्टेचा नव्हता असे मी मानतो. तरी लाइटसेबर फेकण्याचा तो क्षण त्यांनी विनोदाच्या अंगाने चित्रित केला आणि तो विनोद जुन्या चाहत्यांना आपल्यावरच केलेला वाटला.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. ल्यूकचा भाचा बेन सोलो, म्हणजे पुढचा कायलो रेन, झोपलेला असताना ल्यूकला त्याच्या मनात वाढत असलेला अंधार जाणवतो आणि क्षणभर तो आपले शस्त्र पेटवतो. तो वार करत नाही, पण मुलगा जागा होतो आणि सगळे उद्ध्वस्त होते. ही घटना चित्रपटात तीनदा सांगितली जाते: आधी ल्यूकच्या तोंडून अर्धवट, मग बेनच्या बाजूने, आणि शेवटी पूर्ण. विरोध करणारा चाहता विचारतो की ज्या माणसाने हजारोंच्या हत्येला जबाबदार असलेल्या आपल्या वडिलांमध्येही चांगुलपणा शोधला, तो झोपलेल्या भाच्यावर शस्त्र कसे उगारेल? हा प्रश्न पोरकट नाही. खुद्द ल्यूक साकारणाऱ्या मार्क हॅमिल यांनी पटकथा वाचल्यावर, या पात्राबाबत घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाशी आपण मुळातून असहमत आहोत, असे जॉन्सन यांना सांगितले होते आणि नंतर मुलाखतीतही ते बोलून दाखवले. पुढे त्यांनी आपली शंका अशी जाहीर मांडल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि चित्रपटाची मनापासून स्तुती केली, पण त्यांचे पहिले वाक्यच जास्त लोकांच्या लक्षात राहिले.

माझे मत असे आहे की तो क्षण ल्यूकच्या स्वभावाशी विसंगत नाही. सहावा भाग पुन्हा पाहा. व्हेडर जेव्हा ल्यूकच्या बहिणीला, लेयाला, अंधाराकडे ओढण्याची धमकी देतो, तेव्हा ल्यूक रागाने बेभान होऊन त्याच्यावर तुटून पडतो आणि त्याचा हात कलम होईपर्यंत थांबत नाही. तुटलेल्या यांत्रिक हाताकडे आणि मग स्वतःच्या हाताकडे पाहिल्यावर तो भानावर येतो. आपल्या माणसांवर संकट येताच हात शस्त्राकडे जाणे आणि मग स्वतःला आवरणे, हाच त्याचा स्वभाव आहे. तो धडा त्याने एकदा शिकला होता हे खरे, पण एकदा शिकलेला धडा माणसाला आयुष्यभर पुरतोच असे मी मानत नाही.

मग चूक कुठे झाली? आपल्याकडच्या वाचकाला हे महाभारताच्या आधाराने चटकन कळेल. मौसलपर्वात, युद्धानंतर छत्तीस वर्षांनी, द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर लाठ्या घेतलेले लुटारू चाल करून येतात, आणि त्या अर्जुनाला गांडीवाला प्रत्यंचा चढवताना कष्ट पडतात, अस्त्रे आठवत नाहीत, भाते रिकामे होतात. कुरुक्षेत्रावरच्या अर्जुनावर प्रेम करणाऱ्या वाचकाला तो प्रसंग सहन होत नाही, पण तो खोटा वाटत नाही, कारण तोवर त्याने यादवांचा नाश वाचलेला असतो, कृष्णाचे जाणे वाचलेले असते, आणि एक युग संपत आल्याची जाणीव पर्वागणिक त्याच्या मनात उतरलेली असते. ल्यूकच्या बाबतीत प्रेक्षकाला मधली पर्वे मिळालीच नाहीत. त्याने उभारलेली शाळा, त्याचे विद्यार्थी, भाच्याशी असलेली माया, मनात हळूहळू वाढलेली भीती, यांपैकी काहीही पडद्यावर आले नाही. काही मिनिटांच्या आठवणीत सगळे उरकले गेले. चाहत्यांनी ल्यूकचे पतन नाकारले असे सरसकट म्हटले जाते. माझ्या वाचनात आलेले समंजस विरोधक पतन नाकारत नव्हते, ते त्या पतनाचा प्रवास मागत होते, आणि ती मागणी योग्य होती.

यात जॉन्सन यांचा दोष मला कमी वाटतो. ल्यूकला बेटावर नेऊन बसवण्याचा निर्णय सातव्या भागातच झाला होता. बहिणीचा लढा मोडकळीला आलेला असताना आणि हान सोलोसारखा मित्र मारला जात असताना हा माणूस का आला नाही, याचे काही तरी उत्तर आठव्या भागाला द्यावेच लागणार होते. तो कुठल्या प्राचीन शक्तीच्या शोधात गुंतला होता असे उत्तर देता आले असते, पण मग त्याने आपल्या माणसांना मरू दिले असा अर्थ निघाला असता. जॉन्सन यांनी लाज हे उत्तर निवडले. आपल्यामुळे झालेल्या नाशानंतर आपण पुन्हा हात लावला तर आणखी नाश होईल, असे वाटणारा माणूस त्यांनी दाखवला, आणि शेवटी क्रेट ग्रहावर त्याला असा विजय दिला की ज्यात तो एकही वार करत नाही. सहाव्या भागात सम्राटासमोर शस्त्र टाकून देणारा ल्यूक आणि इथे शत्रूच्या साऱ्या तोफांपुढे एकटा उभा राहणारा ल्यूक हा मला एकच माणूस दिसतो.

बाकीच्या तक्रारींवर मी थोडक्यातच लिहितो. कँटो बाइट या जुगारनगरीतला उपकथाभाग लांबला आहे आणि त्यातून कथेच्या हाती फारसे लागत नाही, हे मलाही मान्य आहे. सेनानी होल्डो आपली योजना आपल्याच वैमानिकापासून, पो डॅमरनपासून, का लपवते, याचे कारण पटकथेत पुरेसे पक्के नाही. तिने आपले जहाज प्रकाशवेगाने शत्रूच्या जहाजात घुसवले तो क्षण तर दोन्ही प्रकारच्या प्रतिक्रियांचा उत्तम नमुना आहे. जॉन्सन यांनी तिथे सुमारे दहा सेकंद आवाज पूर्ण बंद ठेवला, आणि ध्वनियंत्रणा बिघडली असा प्रेक्षकांचा समज होऊ नये म्हणून अमेरिकेतल्या काही चित्रपटगृहांनी ही शांतता जाणूनबुजून ठेवली आहे अशा सूचना लावल्या. चित्रपटगृहात त्या शांततेने लोक थक्क झाले, आणि घरी गेल्यावर त्यांतल्याच काहींनी विचारले की असे करता येत होते तर आजवरच्या सगळ्या लढायांत कोणी का केले नाही. दोन्ही प्रतिक्रिया प्रामाणिक आहेत.

चाहत्यांपैकी नेमके किती जण नाराज होते, हे आकड्यांवरून ठरवू पाहणाऱ्याची पंचाईत होते. पहिल्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना विचारून श्रेणी काढणाऱ्या सिनेमास्कोरने या चित्रपटाला ‘ए’ दिली, जी सातव्या भागालाही मिळाली होती. परीक्षणांचा कौल एकत्र दाखवणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर समीक्षकांचा कौल नव्वद टक्क्यांच्या वर होता, तर प्रेक्षकांचा कौल चाळिशीत घसरला होता. मात्र तिथे तेव्हा तिकीट काढल्याचा कोणताही पुरावा न देता कोणालाही मत नोंदवता येत असे. जगभरातली कमाई सुमारे १३३ कोटी डॉलर झाली, म्हणजे सातव्या भागाच्या सुमारे २०७ कोटींहून बरीच कमी, तरी २०१७ सालच्या चित्रपटांत अव्वल ठरणारी. चित्रपट अधिकृत कथेतून वगळावा अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या. मॉर्टन बे या संशोधकाने २०१८ साली जॉन्सन यांना उद्देशून लिहिलेली ९६७ ट्वीट तपासली, तेव्हा त्यांतली सुमारे बावीस टक्केच नकारात्मक निघाली, आणि त्या नकारात्मक ट्वीटपैकी जवळपास निम्म्यांमागे राजकीय हेतू, ट्रोल किंवा यांत्रिक खाती असावीत असा निष्कर्ष त्याने काढला. हा अभ्यास एका माध्यमापुरता आणि एका व्यक्तीला लिहिलेल्या संदेशांपुरता होता, त्यामुळे त्यावरून सगळ्या नाराजांना ट्रोल ठरवणे अन्यायाचे होईल. पण आवाज मोठा होता म्हणून संख्याही तितकीच मोठी होती, असे धरून चालता येत नाही एवढे त्यातून दिसते.

त्या गोंगाटात एक भाग असा होता की त्याला मी चाहत्यांची प्रतिक्रिया म्हणायला तयार नाही. रोझ टिकोची भूमिका करणाऱ्या केली मरी ट्रॅन या व्हिएतनामी स्थलांतरितांच्या मुलीवर तिच्या वंशावरून आणि दिसण्यावरून महिनोन्‌महिने घाणेरडे लिहिले गेले. जून २०१८ मध्ये तिने आपल्या इन्स्टाग्रामवरचे सगळे काढून टाकले आणि ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून, या छळामुळे आपण स्वतःकडेही कमी लेखून पाहू लागलो होतो, असे सांगितले. त्याच उन्हाळ्यात अहमद बेस्ट यांनी, कथाक्रमाने पहिल्या, पण १९९९ साली आलेल्या भागात जार जार बिंक्स हे पात्र साकारल्यावर झालेल्या टीकेने आपण आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचलो होतो, हे उघड केले. पात्र आवडले नाही तर लेखकाला आणि दिग्दर्शकाला जाब विचारावा. ते पात्र जीव ओतून उभे करणाऱ्या कलावंताचे जगणे असह्य करण्याचा हक्क कोणत्याही प्रेमातून मिळत नाही. समंजस विरोधकांचे सर्वांत मोठे नुकसानही याच लोकांनी केले, कारण त्यानंतर ल्यूकविषयी रास्त शंका काढणाऱ्यालाही त्याच टोळक्यातला समजले जाऊ लागले.

नवा भाग आला की दुखावले जाणे या मालिकेच्या चाहत्यांना नवे नाही. आज सर्वोत्तम मानला जाणारा १९८० सालचा पाचवा भाग प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्यावरची परीक्षणे संमिश्र होती, अनेकांना शेवट अर्धवट वाटला, आणि व्हेडर हाच ल्यूकचा बाप आहे यावर विश्वास ठेवायला कितीतरी लोक तीन वर्षे तयार नव्हते. व्हेडरला आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्स यांनाही ते वाक्य वाचून हा खोटे बोलतो आहे असेच वाटले होते. १९९९ सालच्या भागासाठी लोक आठवडेच्या आठवडे चित्रपटगृहांबाहेर रांगा लावून बसले आणि त्यांतले बरेच जण निराश होऊन बाहेर पडले. पण तेव्हा जी मुले आठ-दहा वर्षांची होती त्यांनी मोठेपणी त्या भागापासून सुरू झालेली त्रयी प्रेमाने उचलून धरली, इतकी की मे २०२४ मध्ये तो भाग पंचवीस वर्षांनिमित्त पुन्हा चित्रपटगृहांत आला. ‘द लास्ट जेडाय’ लहानपणी पाहणारी पिढी आता कुठे विशीकडे चालली आहे, आणि ती काय लिहील याची मला फार उत्सुकता आहे.

निर्मात्यांनी मात्र तेवढी वाट पाहिली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये एब्रम्स यांनीच दिग्दर्शित केलेला नववा भाग आला आणि त्यात आठव्या भागाची उत्तरे एकेक करून मागे घेतली गेली. रे कोणाचीच नव्हती, ती सम्राट पॅल्पटीनची नात निघाली. होल्डोने केलेली करामत लाखात एखादीच साधते, असे एका वाक्यात सांगून तो प्रश्न मिटवला गेला. रोझ टिको दीड मिनिटापेक्षाही कमी वेळ पडद्यावर उरली, आणि याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले, कारण ज्यांनी त्या मुलीचा छळ केला त्यांना जे हवे होते तेच घडले. मेलेल्या ल्यूकचा आत्मा तर रेने भिरकावलेले लाइटसेबर झेलतो आणि जेडायच्या शस्त्राचा अधिक मान राखायला हवा असे तिला सांगतो. या चित्रपटाची प्रेक्षकश्रेणी सिनेमास्कोरवर ‘बी प्लस’पर्यंत उतरली, कमाई सुमारे १०७ कोटी डॉलरवर आली, आणि आठव्या भागावर चिडलेले बहुतेक लोक यावरही खूश झाले नाहीत. त्यांना हव्या असलेल्या मधल्या पर्वांपैकी एकही त्यांना मिळाले नव्हते. मिळाली होती ती माफी, आणि तीही दुसऱ्याच्या वतीने मागितलेली.

१८ डिसेंबर २०२० रोजी ‘द मँडलोरियन’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात, सहाव्या भागानंतर काही वर्षांचा तरुण ल्यूक, संगणकाच्या मदतीने हॅमिल यांना पुन्हा तरुण करून, हिरवे लाइटसेबर घेऊन एका बोळातून यंत्रसैनिकांना कापत येताना दाखवला गेला. तो पाहून मोठमोठी माणसे रडली, आणि आनंदाने मीही भारावलो होतो. आपण ते दृश्य पाहिले नसेल तर जरूर पाहा आणि त्यानंतर लगेच आठव्या भागातला जुना गुरू योडा आणि ल्यूक यांचा झाडाजवळचा संवाद पुन्हा पाहा. पहिल्या दृश्यात चाहत्यांनी ३४ वर्षे जपलेला ल्यूक आहे, दुसऱ्यात त्याच वर्षांत म्हातारा झालेला. मला दुसरा अधिक जवळचा वाटतो. आपल्यालाही तसेच वाटत असेल, तर ज्यांना पहिला हवा आहे त्यांच्याशी बोलताना आधी त्यांनी वाचलेल्या त्या जुन्या कादंबऱ्यांविषयी विचारा. मला आजवर मिळालेली सर्वांत चांगली उत्तरे तिथूनच सुरू झाली आहेत.